फुले मंडईच्या दारावरचे शेतकरी

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात, तर दहा मिनिटे चालून महात्मा जोतिबा फुले मंडई जरूर पाहा. जुनी माणसे तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. १८६९ साली बांधून झालेल्या या मंडईच्या दारावर मान वर करून पाहावे. तेथे दगडात शेतकरी कोरले आहेत. हे काम जे. जे. कलाशाळेत शिकविणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांचे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतिबांचे नाव या दाराला शोभते. फळांचा घाऊक बाजार मात्र १९९६ साली वाशीला गेला. आता दगडातलेच शेतकरी येथे कायमचे!

मंडई जुनी म्हणून तिला कोणी हात लावायचा नाही, असे नाही. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली आणि इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या. मंडई पहिल्या श्रेणीत आहे. येथे इमारत बळकट व्हावी, तिचे आयुष्य वाढावे, एवढ्यापुरतेच काम करता येते, तेही मूळ रूप राखून. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात. तिसरीत आणखी मोकळीक आहे.

बदलाचा प्रस्ताव वारसा संवर्धन समितीकडे जातो. समिती सल्ला देते, निर्णय महापालिका आयुक्तांचा. पण मंडईची मालक महापालिकाच! आपल्या बांधाची मोजणी आपणच करावी, तसा हा प्रकार. म्हणून समितीने स्पष्ट बोलले पाहिजे आणि तिचे ऐकलेही पाहिजे, असे मला वाटते.

गाळेवाल्यांची बाजूही खोटी नव्हे. छप्पर गळू नये, गटार वाहते असावे, विजेच्या तारा धड असाव्यात, हे त्यांना हवेच. प्रश्न असतो तो कामाच्या पद्धतीचा. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तेथे चुनाच हवा.

हे नियम मुंबईचे. गावाकडे केंद्र सरकारचे संरक्षित देऊळ किंवा किल्ला असेल, तर कायदा वेगळा. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पहिल्या १०० मीटरमधल्या जुन्या घराच्या दुरुस्तीलाही आधी परवानगी घ्यावी लागते.