चाव्या हाती आल्यावर

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमचा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा भक्त! परवा जेवताना त्यानं सांगितलेली हकिगत मनात घर करून बसली.

सर अॅलेक्स फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षं संघाचा गाडा हाकून २०१३ मध्ये निवृत्त झाले. १३ वेळा लीगचं अजिंक्यपद! निरोप घेताना त्यांनी प्रेक्षकांना विनवलं, नव्या माणसाच्या पाठीशी उभे राहा. नवे आले डेव्हिड मॉयेस. संघ हरू लागला. मार्च २०१४ मध्ये काही चाहत्यांनी 'मॉयेस हटाव'चा फलक लावून विमानच मैदानावरून उडवलं. खाली बसलेल्या कितीतरी जणांनी मात्र त्या विमानाचीच हुर्यो केली. तरी महिन्याभरात मॉयेसना जावं लागलं.

"आणि फर्ग्युसनना पहिलं अजिंक्यपद कधी मिळालं?" मी विचारलं.

"साडेसहा वर्षांनी!"

मला माझं पहिलं वर्ष आठवलं. चाव्या माझ्याकडे आल्या नि रोज पानावर कुणीतरी म्हणायचं, "आमटी आईसारखी नाही!" एकदा सासूबाईच म्हणाल्या, "मला तरी कुठे वर्षात जमली होती?" त्या वाक्यावर मी तरले.

पुढेमागे चाव्या सुनेकडे जातील. तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडी वेळेवर येईल ना, एवढीच धास्ती वाटते.