जुनं लेथ आणि चार रविवार

दोस्तांनो, आज घरात एक छोटासा शोध घ्या. लाटणं, भोवरा, जुन्या पलंगाचे पाय, देवघराचे खांब, पाळण्याच्या दांड्या... या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुठूनही फिरवून बघा, गोल ते गोलच! सुतार रंधा मारून लाकूड सपाट करतो. पण असा गोलावा आणायचा तर लाकडालाच गरगर फिरवावं लागतं आणि त्याला धारेचं हत्यार लावावं लागतं. या कामाला म्हणतात कातकाम. ते करणारा तो कातारी. म्हणूनच जुन्या वाड्यांमध्ये ‘कातीव खांब’ असा शब्द ऐकू येतो. आणि ज्या यंत्रावर हे काम होतं, ते म्हणजे लेथ. कुंभाराचं चाक उचलून कुशीवर आडवं केलं तर जसं दिसेल, साधारण तसं.

असं एक जुनं लेथ आमच्या सासवडच्या घरी कसं आलं, त्याची ही हकिगत.

आमच्याकडे माझ्या आजीच्या वेळचा एक सागवानी पाळणा आहे. घरातली तीन पिढ्यांची बाळं त्यात झोपली. पण मधल्या काळात तो माळ्यावर पडून राहिला आणि त्याच्या तीन कातीव दांड्या मोडून गेल्या. धाकट्या बहिणीला एप्रिलमध्ये बाळ होणार होतं. आईचं एकच म्हणणं, “बारसं याच पाळण्यात करायचं.” मी सुताराकडे चौकशी केली. तो म्हणाला, “ताई, तीन दांड्यांसाठी कोण लेथ लावणार? नवा पाळणाच घ्या की.”

मला लाकूडकामाची हौस आहे. आमच्या मागच्या पडवीत माझं छोटंसं कामाचं टेबल आहे. करवत, रंधा, पटाश्या सगळं आहे. नव्हतं फक्त लेथ. नवं घ्यायचं तर खिशाला परवडणारं नव्हतं. तेवढ्यात कळलं, की पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात एक कातारी आपलं मशीन विकणार आहेत. फेब्रुवारी २०२३ चालू होता. वाडा पाडून तिथं इमारत व्हायची होती, आणि महिनाअखेर दुकान रिकामं करायचं होतं.

मी आणि आमची नववीतली लेक, दोघी जाऊन थडकलो.

दुकान कसलं, दहा बाय आठची खोली! जमिनीवर घोटाभर लाकडाची शेव. भिंतीला टेकून लाटणी उभी. आणि मधोमध ते मशीन, १९६८ साली घेतलेलं. कातारीकाका तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. भंगारवाला आदल्याच दिवशी येऊन गेला होता. त्यानं किलोच्या भावानं साडेतीन हजार लावले होते.

“ते पैसे उद्या हातात पडतील,” काका म्हणाले. “पण तो घणानं फोडून नेणार. आधी बघून घ्या, ताई. मग बोलू.”

आणि मग त्यांनीच आम्हांला शिकवलं, की जुनं मशीन कसं बघायचं.

पहिलं म्हणजे बेड. ज्यावर बाकी सगळं बसतं, तो बिडाचा लांब पाया. काकांनी त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरला आणि मधे कुठं फट दिसते का ते बघायला सांगितलं. वरवरचा गंज काचपेपरनं निघतो, त्याला भ्यायचं नाही. पण बिडाला तडा असेल, तर मशीन फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही.

दुसरं, दोन टोकं. डावीकडचं हेड, ते लाकडाला फिरवतं. उजवीकडचं टेल, ते लाकडाला दुसऱ्या बाजूनं टोकानं धरून ठेवतं. टेल सरकवत हेडपर्यंत आणायचं. दोन्ही टोकं एकमेकांना बरोबर भिडली पाहिजेत, सुईला सुई भिडावी तशी. एक वर आणि एक खाली असेल, तर काम सरळ होणार कसं?

तिसरं, बेअरिंग. इथं मोटर चालू करायची नाही, उलट पट्टा काढून टाकायचा. मग हेडचा दांडा हातानं सावकाश फिरवायचा आणि डोळे मिटायचे. लेकीनं डोळे मिटले आणि म्हणाली, “आजोबा, कर्र कर्र होतंय. वाळू असल्यासारखं.”

काका खूश झाले. “बरोबर! बाहेरच्या बाजूचं बेअरिंग गेलंय. घेणाऱ्याला दोष आधी सांगावा, म्हणजे मशीन देताना मन साफ राहतं. नंबर वाच बरं त्याच्यावरचा.”

नंबर होता ६२०५. यात एक गंमत आहे बरं का. अशा बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले, की त्यांना साधारणपणे पाचानं गुणायचं. येईल तेवढ्या मिलिमीटरचं त्याचं आतलं भोक. ०५ गुणिले ५ म्हणजे २५ मिलिमीटर. तुमच्या सायकलच्या किंवा मिक्सरच्या दुकानात असं बेअरिंग दिसलं तर करून बघा. म्हणजे पन्नास-पंचावन्न वर्षांच्या मशीनलाही आज बाजारात मिळणारं बेअरिंग बसणार होतं. दुरुस्ती काही शे रुपयांची!

सौदा नऊ हजारांवर ठरला, हत्यारांसकट. मी पैसे काढले, तर काकांनी हात वर केला.

“पैसे शेवटी. माझी एक अट आहे. महिन्याचे चार रविवार आहेत. चारही रविवारी इथं यायचं आणि याच मशीनवर काम करायचं. जमलं तर न्या. नाही जमलं तर भंगारवाला आहेच.”

आता बघा पेच! महिनाअखेर मशीन हललंच पाहिजे. आम्हांला जमलं नाही तर काकांचं मशीन फुटणार, आणि आमचा पाळणा तसाच राहणार.

पहिल्या रविवारी मोटर चालूच झाली नाही. दिवसभर फक्त हत्यारं घासली. बोथट हत्यार कापत नाही, ओरबाडतं. आणि ओरबाडण्यासाठी जोर लावावा लागतो. जोर आला की अपघात आला. काकांची एक गोल पटाशी होती. वर्षानुवर्षं धार लावून लावून ती निम्मीच उरली होती. बाकी सगळी हत्यारं त्यांनी आम्हांला दिली, ती मात्र दिली नाही.

धार लावता लावता ते जुन्या गोष्टी सांगत. त्यांच्या वडिलांकडे मोटर नव्हती. लाकडाला दोरीचे वेढे दिलेले असत. दहा वर्षांचे काका दोरीची दोन टोकं आलटून पालटून ओढत आणि वडील कातत. लाकूड वडिलांच्या बाजूला फिरे तेव्हा कापायचं, उलटं फिरे तेव्हा हत्यार मागं घ्यायचं. पुढे मी वाचलं, तर इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात इसवी सनापूर्वी सुमारे ३०० सालचं एक कोरीव चित्र आहे. त्यातही दोघेजण! एक पट्टा ओढतोय, दुसरा कातकाम करतोय. लेथचं ते सगळ्यात जुनं चित्र समजतात. लेकीनं ते बघून म्हटलं, “यातला पट्टा ओढणारा म्हणजे आपले आजोबा.”

दुसरा रविवार भूमितीचा. चौकोनी लाकडाच्या दोन्ही टोकांवर कर्ण काढायचे. ते छेदतात तो मध्य. तिथं मशीनची टोकं रोवायची. मग रंध्यानं चार कोपरे मारायचे, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनाचा गोल लेथ करतं. “शाळेत कर्ण कशाला शिकवतात?” असं विचारणाऱ्या माझ्या लेकीला त्या दिवशी उत्तर मिळालं.

त्याच दिवशी काकांनी आम्हांला दाराबाहेर उभं केलं आणि मुद्दाम एक गोष्ट दाखवली. हत्यार आधी टेकणीवर ठेवायचं आणि मगच लाकडाला लावायचं, हा इथला पहिला नियम. तो मोडला तर काय होतं? एका टाकाऊ फळकुटावर त्यांनी पटाशीचा कोपरा रुतवला. खाड्! फळकुट उडून भिंतीवर आपटलं. आम्ही दोघी गप्प.

“घाबरा,” काका म्हणाले. “रोज थोडं घाबरा. मी अजून घाबरतो.”

तिसरा रविवार वेगाचा. आमची मोटर मिनिटाला १४४० फेरे फिरते. मोटरची पुली दोन इंची आणि हेडची चार इंची असेल, तर लाकूड निम्म्या वेगानं, म्हणजे ७२० फेरे फिरतं. पट्टा सारख्या पुल्यांवर चढवला, की १४४०. आता गणित करा. वीस सेंटिमीटर व्यासाचा एक वाडगा मिनिटाला १००० फेरे फिरतोय. परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे कडेवरचा बिंदू मिनिटाला ६३० मीटर धावतो. ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर! आणि पाच सेंटिमीटरची दांडी त्याच फेऱ्यांना साडेनऊ किलोमीटरनं. म्हणून जाड लाकूड सावकाश, बारीक लाकूड वेगानं. ओढणी, मोकळे केस, बांगड्या, सैल बाह्या आणि हातमोजेसुद्धा लेथजवळ नकोत. हातमोजा अडकला, की तो हाताला घेऊनच जातो. तोंडावर पारदर्शक ढाल मात्र हवीच.

चौथ्या रविवारी आम्ही पाळण्याची एक शाबूत दांडी बरोबर नेली. काकांनी पुठ्ठ्यावर तिचा अर्धा आकार कापून फर्मा करायला लावला. तो फर्मा टेकवत टेकवत, कुठं किती कमी करायचं ते बघत, संध्याकाळपर्यंत एक दांडी उभी राहिली. जाताना काकांनी लाखेची रंगीत कांडी काढली आणि फिरत्या लाटण्याच्या मुठीला दाबून धरली. घासण्याच्या उष्णतेनंच लाख वितळली आणि तांबडीलाल पट्टी उमटली! कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच रंगतात. तिथं चकाकी आणायला केवड्याचं पान घासतात. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतही लाकडाची खेळणी बघायला मिळतात. कधी गेलात तर नीट निरखून बघा.

त्याच संध्याकाळी काकांनी पैसे घेतले. मोजले नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीनचे भाग सुटे करून, चौघांनी उचलून टेंपोत घातले, आणि दिवे घाट चढून लेथ सासवडला आलं. काकांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही ते अशा उंचीवर बसवलं, की फिरणाऱ्या लाकडाचा मध्य माझ्या कोपराशी येईल. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली, म्हणजे थरथर कमी. नवं बेअरिंग, नवी वायर, नीट अर्थिंग. आणि पट्ट्यावर जाळीचं झाकण, कारण काकांच्या दुकानात ते नव्हतं.

मेमध्ये बारसं झालं, त्याच पाळण्यात. काका मुलाबरोबर आले होते. सगळे बाळाला बघत होते; काका पाळण्याला. त्यांनी डोळे मिटून नव्या दांड्यांवरून अंगठा फिरवला. पहिलीवर म्हणाले, “ही दुकानातली.” दुसरीवर, “ही ताईंची, जरा जाड ठेवलीय.” तिसरीवर थांबले. “आणि ही पोरीची. हिचा हात माझ्यासारखा चालतो.”

लेक तिथून पळालीच! तिला वाटलं आपण रडतोय हे कुणाला दिसलं नाही.

दोस्तांनो, मशीन पैशानं मिळतं. नव्वद किलो बीड, एक मोटर, चार पुल्या. पण ते चार रविवार कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. ते एखाद्या माणसाच्या हातात असतात, आणि त्या माणसाला कुणी विचारलं नाही तर तसेच त्याच्याबरोबर जातात. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत असे हात असतील: तांब्याची भांडी ठोकणारे, घोंगड्या विणणारे, पेटीचे सूर लावणारे. येत्या सुट्टीत त्यांच्या दाराशी जाऊन नुसतं म्हणा, “आजोबा, बघू का जरा?” बहुतेक वेळा ते पाट सरकवून म्हणतील, “बस.” मोठ्यांना बरोबर घेऊन जा, फिरत्या यंत्राला विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि घरी आल्यावर काय बघितलंत ते वहीत लिहून ठेवा. चित्रासकट, मापासकट.