साल्झाखच्या काठी

साल्झबुर्गच्या उत्तरेस, साल्झाख नदीच्या वळणावर ओबेर्नडोर्फ हे गाव आहे. पूल ओलांडला की जर्मनी! २४ डिसेंबर १८१८ रोजी येथील चर्चमध्ये ‘स्टिले नाख्ट’ हे नाताळगीत प्रथम गायिले गेले. शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल शेजारच्या गावचे शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची आणि साथीला गिटार. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार आली, ही कथा मोठी गोड. पण तिला आधार नाही. शब्द तर मोरने १८१६ सालीच लिहिले होते.

गीत जगभर गेले, कर्ते मात्र मागे राहिले. चाल हायडनची असावी, असेही लोक म्हणू लागले. १८५४ साली बर्लिनहून चौकशी आली तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या ग्रूबरमास्तरांनी सारी हकीकत लिहून दिली. बिचारा मोर १८४८ सालीच वारला होता.

पुरांनी खिळखिळे झालेले ते चर्च पुढे पाडले. त्या जागी आज एक अष्टकोनी चॅपेल आहे. १९३७ सालचे, अगदी चिमुकले. मोरचे चित्र कोणीच काढून ठेवले नव्हते. म्हणून पुतळ्यासाठी त्याचे थडगे उकरून कवटी काढली. ती आता याच चॅपेलच्या भिंतीत आहे.