शुक्रवार की शनिवार

मंगळवार, १ जुलै २०२५

मुक्ताने लॅपटॉपवर ६ जून १६७४ टाकलं आणि म्हणाली, "काका, बुधवार येतोय." शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक बुधवारी? जेधे घराण्याच्या जुन्या नोंदवहीत, जेधे शकावलीत, शुक्रवार आहे, पुस्तकांतून शनिवार छापतात. बुधवार कुणाच्या गावीही नाही. कारण सरळ आहे. ती वापरते ती पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तसंच मागे रेटत नेते. आपली ६ जून जुन्या, ज्यूलियन पद्धतीची. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर. १६ जून घालून पाहा म्हटलं. शनिवार आला.

एक्सेलकडे तर दादच मागायला नको. त्याच्या लेखी जग १९०० साली सुरू होतं, आणि त्या सालाला तो २९ फेब्रुवारीही बहाल करतो, जी कधी उगवलीच नाही.

गुरुवार, ३ जुलै

शनिवार आला तरी शकावलीचा शुक्रवार उरतोच. शकावली म्हणते, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला बहात्तर मिनिटं बाकी. आपला वार उजाडल्यावर बदलतो, त्यामुळे रायगडावर अजून शुक्रवारच होता. तिथे हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनच्या हिशेबाने मध्यरात्र उलटून शनिवार लागलेला. शकावलीत द्वादशी आणि पुस्तकांत त्रयोदशी, त्याचंही तेच: शकावलीप्रमाणे द्वादशी शुक्रवारी एकवीस घटकांनंतर, म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास, संपली. पहाटे त्रयोदशी होती. सगळ्यांचं बरोबर.

मुक्ता म्हणाली, "मग प्रोग्रॅमला सूर्योदय शिकवते." शिकवला, अर्ध्या तासात. हे मला फार आवडलं.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी खात खात तिने शकावलीतल्या वार दिलेल्या सगळ्या नोंदी एकदम चालवल्या. आमच्या पिढीला हे सुचलंही नसतं. एक तिथी पाहायची तर मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री काढा, नाहीतर स्वामीकन्नू पिल्ले यांचे इसवी सन ७०० ते १७९९ पर्यंतचे जाडजूड खंड. अधिक मास तपासा, शक गत की वर्तमान ते पाहा. एवढी यातायात माणूस वादाच्या तारखेसाठीच करायचा. बिनवादाच्या नोंदी तशाच खपून जायच्या.

बऱ्याचशा जुळल्या. जुळल्या म्हणून हुरळून जायचं नाही, हे तिला सांगितलं: लेखनिकाने तिथी चुकीची उतरवली तरी सातांत एकदा वार आपोआप जुळतोच. काही नोंदी मात्र नेमक्या एकाच दिवसाने हुकतात. तिचा निष्कर्ष, लेखनिक चुकला. मला तसं वाटत नाही. तिचा प्रोग्रॅम चंद्र खरोखर कुठे होता ते आजच्या खगोलशास्त्राने काढतो. त्या काळचा जोशी तिथी काढायचा ती ग्रहलाघवावरून, नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये रचलेल्या ग्रंथावरून. त्यात पळा-घटकांचा फरक पडतो, आणि तिथी सूर्योदयाच्या आसपास संपत असेल तर तेवढ्यानेही दिवस पालटतो. दप्तरात लिहिलाय तो जोशीबुवांचा चंद्र, आकाशातला नव्हे. इथे जास्त अचूक यंत्र कुचकामी. ग्रहलाघवाचं गणितच प्रोग्रॅममध्ये घालायला हवं. ती तोंड वाकडं करून "बघते" म्हणाली. चुकीचं गणित मुद्दाम लिहायचं हे तिच्या इंजिनिअरिंगच्या संस्कारांत बसत नसावं.

बुधवार, ९ जुलै

एका मोडी कागदावर "खमस सबैन अलफ". अरबीत पाच, सत्तर, हजार: १०७५. मुक्ताने गंमत म्हणून बोलक्या एआयला विचारलं. त्याने अदबीने, नीट परिच्छेद पाडून, हा हिजरी सन ठरवला आणि कागद १६६४-६५ मध्ये नेऊन ठेवला. हा खरं तर शुहूर सन. मृग नक्षत्र लागलं की बदलतो, म्हणून मृगसाल. इसवी सनासाठी डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे मृगापर्यंत ६००. म्हणजे १६७४-७५, चक्क दहा वर्षांची तफावत. पायथनचा बुधवार निदान कोरडा होता, शंका घ्यायला जागा ठेवणारा. हे उत्तर वाचताना मान डोलावीशी वाटते. तिला सांगितलं, ह्याच्याकडून प्रोग्रॅम लिहून घे, सन विचारू नकोस.

आता सुरतेच्या इंग्रजांची आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची पत्रं एका यादीत लावायची आहेत. पोर्तुगालने नवं, ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये; शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तोवर २५ मार्चला सुरू व्हायचं. नुसत्या तारखांनी यादी लावली तर गोव्याहून गेलेलं उत्तर सुरतेच्या पत्राच्या पुढे-मागे कुठेही जाऊन बसेल. मुक्ताला तक्त्यात तारखेआधी आणखी एक रकाना घालायला सांगितलाय: लिहिणारा कोण. तो मात्र कागद वाचून, हातानेच भरावा लागणार.