दुपार आणि पाळणा

खानदेशात वाढलेल्या माणसाला दुपार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नसते आणि धुळ्याची दुपारही फारशी दयाळू नाही. अकरानंतर रस्ते ओस पडू लागतात. दुकानांची शटरे अर्ध्यावर येतात. शाळा सकाळच्या होतात, शेतातली माणसे उजाडण्यापूर्वी कामाला लागतात आणि ऊन चढले की झाडाखाली भाकरी सोडतात. केळीच्या बागेभोवतीसुद्धा शेवरीचा आडोसा करावा लागतो. उष्ण वारा पानांच्या चिंध्या करतो. द्विप्रहरापासून ‘दुपार’ हा शब्द आला. दिवसाचे दोन प्रहर संपले, आता थांबा, असा त्याचा आमच्याकडचा अर्थ आहे.

लहानपणी मात्र हा अर्थ आम्हांला मुळीच मान्य नव्हता. जेवणे झाली की धाब्याच्या घराच्या आतल्या खोलीत सतरंजी पडायची, दाराला ओला पडदा लागायचा आणि सगळ्या भावंडांना एका ओळीत निजवले जायचे. झोप कोणालाच येत नसे. डोळे मिटून पडायचे, आजीचा श्वास संथ झाला का याचा कानोसा घ्यायचा आणि मग पावले न वाजवता ओट्यावर पळायचे. मोठ्यांना स्वतःला झोपायचे असते म्हणून ते मुलांना निजवतात, हे आमचे त्या वयातले ठाम मत होते. ते अगदीच चुकीचे होते असे आजही म्हणवत नाही. पण त्यातूनच पुढे एक संकल्प झाला, की आपल्या मुलांना आपण दुपारी कधीही सक्तीने निजवायचे नाही. या संकल्पाची परीक्षा एका मनोरंजन उद्यानात व्हायची होती.

आमच्या लेखी मौज ही संध्याकाळची गोष्ट होती. मेहरूण तलावावर जायचे ते उन्हे उतरल्यावर. धुळ्याला आजोळी गेलो की चैत्रात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा असायची. तिथला मोठा पाळणा आम्ही पाहिला तो दिव्यांच्या उजेडातच. एकेका फेरीचे पैसे मोजायचे, दोन फेऱ्या झाल्या की घरी. पैसे संपले की मौज संपे आणि मौज संपली याचे फार दुःखही होत नसे; यात्रा उद्याही असायची.

तिकीट काढून दिवसभर आत राहायचे, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका आले आणि खानदेशातल्या मध्यमवर्गीय घरांतही मे महिन्याच्या सुट्टीचा बेत बदलला. मामाच्या गावाच्या जोडीला ‘पार्क’ आले. तिथे प्रत्येक फेरीचा वेगळा हिशेब नसतो, एकदाच सगळे पैसे भरायचे असतात. वरवर पाहता ही मुक्तता आहे, पण तिच्यात एक पेच दडलेला आहे. एकेका फेरीचे पैसे देणारा माणूस कधीही थांबू शकतो. दिवसाचे पैसे दिलेला माणूस थांबला की त्याला तोटा होतो. निदान तसे वाटते.

आम्हांला तसे वाटले. थोरला सात वर्षांचा आणि धाकटा चार वर्षांचा असताना आम्ही अशाच एका मोठ्या उद्यानात गेलो. त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण जे घडले त्यात दोष उद्यानाचा नव्हता. रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे कल्याणला उतरलो, सामान एका लॉजवर टाकले आणि दार उघडायच्या आधीच रांगेत हजर झालो. मुले गाडीत धड झोपली नव्हती. पण दोघेही उड्या मारत होते, त्यामुळे ती ताजीतवानी आहेत असे आम्ही गृहीत धरले. उत्साह आणि ताजेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुपारी कळायचे होते.

बारापर्यंत सगळे छान चालले. साडेबाराला रांगा वाढल्या. एक वाजता जेवणाच्या ठिकाणी गर्दी होती, म्हणून ‘आणखी एक करू आणि मग जेवू’ असे ठरले. दोनच्या सुमारास एका पाळण्याच्या रांगेत धाकट्याने जमिनीवर बसकण मारली. त्याला पाणी नको होते, आइस्क्रीम नको होते, कडेवर यायचे नव्हते आणि खालीही राहायचे नव्हते. थोरला त्याच्यावर खेकसला. आम्ही थोरल्यावर खेकसलो. मग आमच्या तोंडून ते वाक्य निघाले, “एवढे पैसे भरून आणलंय तुम्हांला, आता मजा करा!” आणि धाकट्यावर हात उगारला गेला. तो पडला नाही, पण उगारला गेला हे त्याने पाहिले, थोरल्याने पाहिले आणि रांगेतल्या वीस अनोळखी माणसांनी पाहिले. धाकटा रडायचा थांबला. त्याचे ते थांबणे रडण्यापेक्षा वाईट होते.

त्याच वेळी शेजारच्या भिंतीआड अस्वलाचा पोशाख घातलेला एक तरुण आला. त्याने अस्वलाचे डोके काढून बाकावर ठेवले आणि तो भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने दुसरे अस्वल त्याच्या जागी बाहेर गेले. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असाव्यात. सबंध उद्यानात अस्वलालासुद्धा विश्रांती होती; विश्रांती नाकारली होती ती फक्त आम्ही आमच्या मुलांना, आणि तीही त्यांच्या सुखासाठी.

अर्थात, उन्हाचा हा धडा या उद्यानांच्या आद्य स्थानालाही मिळालेला आहे. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले, त्या दिवशी कडक ऊन होते. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे पुष्कळसे नळ सुरूच झाले नव्हते आणि ताज्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतत होत्या. स्वप्ननगरी कितीही नीट आखली, तरी दुपार त्या आराखड्यात मावत नाही.

मराठी वाचकाला यासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसा झोपणे सामान्यतः निषिद्ध सांगितले आहे; पण त्याला अपवाद आहेत. ग्रीष्मात ती मुभा सर्वांना आहे, कारण रात्री लहान असतात. इतर ऋतूंतही बालकांना, वृद्धांना आणि प्रवासाने थकलेल्यांना आहे. म्हणजे मे महिन्यात, रात्रीच्या गाडीने आलेली लहान मुले घेऊन आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा एकाच वेळी तीन अपवादांत बसत होतो. आजचे शास्त्रही फार वेगळे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी, आणि दुपारची डुलकी त्यातच धरलेली आहे. शिवाय लहान शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभाग उन्हाला देते, म्हणून ते लवकर तापते. मुलाचा ‘हट्ट’ पुष्कळदा केवळ शरीराचे निवेदन असते. ते शब्दांत करता येत नाही म्हणून ते जमिनीवर बसून केले जाते.

पण प्रश्न केवळ शरीराचा नाही. योहान हायझिंगाने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळाचे पहिले लक्षण स्वेच्छा हे सांगितले. हुकमाने केलेला खेळ हा खेळच उरत नाही. रोजे कायवा याने १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार कल्पिले. त्यांतला चौथा गरगरण्याचा, तोल हरवण्याच्या आनंदाचा. उद्यानातले सगळे पाळणे याच प्रकारातले. हे ग्रंथ आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले आणि रांगेत उभे राहिल्यावर विसरलो. तोल हरवण्याचा आनंद घ्यायचा तर आधी तोल असावा लागतो. दमलेल्या मुलाला भीती आणि गंमत यांतला फरक करता येत नाही. त्याला ‘मला यात बसायचे नाही’ असे स्वच्छ सांगता येत नाही, तो फक्त रडतो. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, तो खेळत नसतो.

पुढच्या वर्षी मुलांनी पुन्हा हट्ट धरला तेव्हा आम्ही वेगळा बेत केला. आदल्या दिवशी पोहोचलो. बाहेर पडून पुन्हा आत येता येईल का, हे आधीच विचारून घेतले. साडेबाराला, सगळे ऐन रंगात असताना, जेवून लॉजवर परतलो. थोरल्याने जोरदार निषेध केला. त्याला आम्ही आमच्या लहानपणीचा संकल्प सांगितला नाही, पण झोपण्याची सक्ती नाही, एवढे वचन दिले. खोलीत पडदे ओढले. धाकटा पाचच मिनिटांत झोपला. थोरला पुस्तक घेऊन पालथा पडला आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिला. त्याच्या त्या पाहण्यात आम्हांला आमचे धाबे दिसले. सतरंजीवरचे ते तास तुरुंगवासाचे होते खरे, पण भावंडांशी खुणांनी बोलणे, गोष्टी रचणे, कंटाळा येऊ देणे हे सारे त्याच तासांत घडले होते, हे पहिल्यांदाच लक्षात आले.

आम्ही मात्र जागे होतो आणि मनातल्या मनात तिकिटाच्या रकमेला तासांनी भागत होतो. ही सवय सहजासहजी जात नाही, हेही नमूद केले पाहिजे.

साडेचारला आत गेलो तेव्हा उन्हे कलली होती. धाकटा एका मोठ्या पाळण्यापाशी थांबला, मान वर करून त्याने दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, “बाबा, याची मला भीती वाटते. मी नाही बसणार.” तो रडला नाही. लहान पाळण्यात मात्र तो लागोपाठ तीनदा बसला. उरलेल्या चार-पाच गोष्टी पाहायच्या राहून गेल्या. त्यांचे आम्हांला थोडे वाईट वाटले; मुलांना वाटले नाही.

मराठीत झोपवणाऱ्या वस्तूला पाळणा म्हणतात आणि यात्रेत गरगर फिरवणाऱ्या वस्तूलाही पाळणाच म्हणतात. इतकी वर्षे हा शब्द वापरताना आम्हांला त्यात काही विशेष दिसले नव्हते. परतीच्या गाडीत धाकटा मांडीवर झोपला होता. आदल्या वर्षी उगारलेला हात त्याच्या कपाळावर होता. त्याला ती दुपार आठवते का, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला अजून झालेले नाही.