थकव्याला नाव देण्याची घाई आणि बरं होताना टाळायच्या चुका



शिक्षकांच्या खोलीत हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो, 'ॲड्रिनल फटीग'. सकाळी उठवत नाही, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला उभं राहवत नाही, संध्याकाळी काहीतरी खारट-गोड खावंसं वाटतं आणि रात्री अंथरुणावर पडलं की टक्क जाग. मोबाइलवर कुणीतरी सांगतं, तुमच्या ॲड्रिनल ग्रंथी ताणामुळे थकल्या आहेत. त्याखाली लगेच एखाद्या पावडरीची जाहिरात असते. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे सहकारी मलाच विचारतात, "बाई, हे खरं असतं का हो?" गेल्या दीड वर्षात हा प्रश्न आमच्या घरातही आला, माझ्या थोरल्या बहिणीच्या निमित्ताने. तीही शिक्षिका आहे, गणिताची. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

आधी थोडा पाठ. ॲड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक, अशा दोन. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आतल्या भागातून ॲड्रिनलिन येतं, बाहेरच्या भागातून कॉर्टिसोल आणि शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारं अल्डोस्टेरॉन. कॉर्टिसोल पहाटेपासून वाढतं, सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वात कमी. किती तयार करायचं, याचा हुकूम मेंदूतली पीयूषिका ग्रंथी देते. ताण आला की कॉर्टिसोल वाढतं. पण स्नायू दमतात तशी ही ग्रंथी रोजच्या ताणाने दमून कामच सोडते, असं दिसून आलेलं नाही.

'ॲड्रिनल फटीग' हे नाव १९९८ साली अमेरिकेतल्या जेम्स विल्सन यांनी प्रचारात आणलं. ते कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणारे होते. २०१६ साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले आणि असा वेगळा आजार असल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनाही हे निदान मानत नाहीत. ॲड्रिनल खरोखर निकामी होण्याचा आजार मात्र आहे. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण गंभीर आहे. आपल्याकडे त्याचं एक कारण क्षयरोग हेही असतं.

मग प्रश्न असा, की आजार खरा नाही म्हणजे थकवाही खोटा का? अजिबात नाही. आणि इथेच आजूबाजूच्यांची पहिली चूक होते.

ताईला दोन वर्षं सगळे सांगत होते, "वय झालं आता", "फार टेन्शन घेतेस", "आराम कर, बरं वाटेल". ती सेहेचाळीसची. फळ्याशी उभं राहून एक प्रमेय पूर्ण करताना तिला धाप लागायची, म्हणून ती खुर्चीवर बसून शिकवायला लागली. दाजींजवळ तिने स्वेच्छानिवृत्तीचा विषयही काढला होता. अशा वेळी मोबाइलवरच्या त्या व्हिडिओने तिला सांगितलं की तू आळशी नाहीस, तुला आजार आहे. ते तिला पटलं, कारण तिचं म्हणणं खरं मानणारं ते पहिलंच होतं. म्हणून कुणी हा शब्द घेऊन आलं तर मी हसत नाही. "काय काय होतंय, सांग" असं विचारते. नाव चुकीचं असलं तरी लक्षणं बरोबर असतात.

आता चुका. ताईच्या घरी, शाळेत आणि पालकांशी बोलताना ज्या वारंवार दिसल्या, त्या क्रमाने मांडते.

पहिली चूक, नावापाशी थांबणं. थकव्यामागे सापडण्यासारखी कारणं बरीच असतात: रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड मंदावणं, ब-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, नैराश्य, घोरण्यामुळे मोडणारी झोप, एखादं जुनं इन्फेक्शन, दुसऱ्या आजारासाठी चालू असलेली औषधं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे स्टाफरूममध्ये दहा बाई बसल्या असतील, तर शोध कुठून सुरू करायचा ते उघड आहे. ताईचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. स्त्रियांमध्ये ते किमान १२ असायला हवं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तळाला गेलं होतं. पाळीचा रक्तस्राव तीन वर्षं जास्त होत होता. "या वयात असंच असतं" म्हणून तिने तो कुणाला सांगितलाच नव्हता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. या सगळ्यात ॲड्रिनलचा काहीच संबंध नव्हता. आणि त्या नावाखाली तिचे चार महिने गेले होते.

दुसरी चूक, 'ॲड्रिनल सपोर्ट' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या-पावडरी स्वतःच्या मनाने घेणं. "वनस्पतीचंच तर आहे, नुकसान काय?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत विकली जाणारी अशी १२ उत्पादनं तपासली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि निम्म्याहून जास्त उत्पादनांत स्टिरॉइड. अशी गोळी घेतल्यावर चार दिवस तरतरी वाटली तर नवल नाही. पण ती तरतरी उसनी असते, आणि खरं कारण तेवढे दिवस झाकलेलं राहतं. घेतच असाल तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. नाव तोंडी सांगू नका, डबाच दाखवा.

तिसरी चूक सगळ्यात धोक्याची आहे. स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणं. दमा, सांधेदुखी, त्वचेचे काही आजार यांसाठी काही आठवडे किंवा महिने प्रेडनिसोलोनसारखं औषध चालू असेल, तर बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे आपल्या ग्रंथी काम कमी करतात. औषध अचानक थांबलं की त्यांना लगेच जाग येत नाही. रक्तदाब कोसळू शकतो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर डोस पायरी-पायरीने उतरवतात. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. घरातलं ज्येष्ठ माणूस अशी पुडी वर्षभर घेत असेल आणि ती बंद केल्यावर फार गळून गेलं, तर "पुडीच बरी होती" म्हणून परत सुरू करू नका. पुडी घेऊन दवाखान्यात जा.

चौथी चूक, ऐकीव पथ्यं. सकाळी उपाशीपोटी मिठाचं पाणी प्या, असा सल्ला या विषयावर हमखास मिळतो. ॲडिसनच्या रुग्णाला मिठाची गरज जास्त असते, हे खरं. तिथून तो सल्ला सगळ्यांच्या गळ्यात पडला. ज्याला रक्तदाब आहे, त्याने रोज पेलाभर मीठपाणी प्यायचं म्हणजे काय होईल ते सांगायला नको. दुसरं टोक म्हणजे "शरीर शुद्ध करायला" कडक उपास. आधीच रक्त कमी असलेल्या बाईने नऊ दिवस साबुदाण्यावर काढले तर ताकद येणार कुठून?

आणि चहा. तो सोडायला कुणी सांगत नाही, फक्त जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर नको. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. आमच्या शाळेत डबा संपला की लगेच चहा येतो. ताईने तो तासभर पुढे ढकलला आणि जेवताना लिंबाची फोड घ्यायला लागली. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तिने वेगवेगळ्या वेळांना लावल्या. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवावं.

पाचवी चूक, बरं वाटलं की औषध बंद. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत माणूस हसायला-बोलायला लागतं. त्याच सुमारास पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं, अशा तक्रारीही असतात. मग गोळी सुटते. काळा रंग लोहाचाच असतो, त्याला घाबरायचं नाही. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टर गोळी किंवा वेळ बदलून देतात. हिमोग्लोबिन जागेवर आल्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात, कारण रिकामा झालेला साठा भरायचा असतो. पगार झाला म्हणून कर्ज फिटत नाही, तसंच हे. शिवाय रक्तस्रावाचं मूळ कारण तसंच राहिलं तर वरून कितीही भरा, टाकी गळतच राहणार. ताईच्या गाठींवरचे उपचार म्हणूनच लोहाबरोबरच सुरू झाले.

सहावी चूक फक्त शिस्तीच्या, कष्टाळू माणसांकडूनच होते. चांगल्या दिवशी सगळं उरकून घेणं. दुसऱ्या महिन्यात एका रविवारी ताईला छान वाटलं. तिने माळा काढला, पडदे धुतले, चाचणीचे दोन गठ्ठे तपासले. पुढचे तीन दिवस ती उठू शकली नाही, आणि "औषधाचा काही उपयोग नाही" असं म्हणायला लागली. औषध काम करत होतं. ताकद परत येत होती तोवरच ती खर्च होत होती, एवढंच. त्यानंतर डॉक्टरांनी तिला एक साधा हिशोब दिला: जितकं जमेल असं वाटतं, त्याच्या पाऊण भागावर थांब, आणि दर आठवड्याला थोडंसं वाढव. आज दहा मिनिटं चालणं झालं तर उद्याही दहाच. पूर्ण झोपून राहणंही तितकंच वाईट, त्याने स्नायू आणखी ढिले पडतात.

सातवी चूक घरातल्या इतरांची. बाईला औषध मिळालं, आता ती बरी होईल, असं म्हणून बाकी सगळं जसंच्या तसं ठेवणं. पहाटे पाचला डबे, सकाळची शाळा, दुपारी ऑनलाइन माहिती भरणं, मधूनच निवडणुकीचं काम, मार्चमध्ये बोर्डाचे पेपर, आणि रात्री अकराला ओटा पुसून झाल्यावर उद्याची टाचणं. हा दिवस कुठल्याच गोळीने हलका होत नाही. दाजींनी दोन गोष्टी केल्या. सकाळचे डबे स्वतःकडे घेतले आणि रात्री दहानंतर घरातले मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायला लावले. पहिला आठवडा डब्यात रोज बटाट्याचीच भाजी होती. मुलांनी कुरकुर केली आणि खाल्ली. आज ताई उभी राहून शिकवते. निवृत्तीचा विषय मागे पडला आहे.

पालकांसाठी एक मुद्दा वेगळा काढते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दहावीचं मूल सकाळी सहाच्या क्लासला जातं, रात्री बारापर्यंत वाचतं आणि वर्गात पेंगतं, तेव्हा त्याला टॉनिकआधी झोप द्या. मुलगी असेल तर पाळी सुरू झाल्यानंतर हिमोग्लोबिन एकदा जरूर तपासा. "अभ्यासात लक्ष नाही" अशी तक्रार वहीत लिहिण्याआधी मीही आता मुलांना दोन प्रश्न विचारते: रात्री किती वाजता झोपलास, आणि सकाळी काय खाऊन आलास?

आणि काही लक्षणं अशी, की त्यात वाट पाहायची नाही. विनाकारण वजन उतरणं, उभं राहिलं की घेरी येणं, सारखी उलटी-मळमळ, मीठ खाण्याची फार ओढ आणि हिरड्या, हाताच्या रेषा किंवा जुने व्रण काळे पडत जाणं. ही लक्षणं एकत्र दिसली तर ॲड्रिनलची खरी तपासणी लागते. ती सकाळी रक्त घेऊन होते, आणि गरज पडली तर इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त तपासतात. थकव्याबरोबर छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांकडे जाताना एक पान लिहून न्या. थकवा कधीपासून आहे, दिवसाच्या कुठल्या वेळी जास्त असतो, झोप किती, पाळीचा त्रास, वजनात फरक, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, पुडी, काढा. मुलांना आपण प्रयोगवहीत आधी निरीक्षण आणि मग निष्कर्ष लिहायला लावतो. या पानावरही तोच क्रम ठेवा. निष्कर्षाची जागा रिकामी सोडा, ती डॉक्टरांना तपासण्या पाहून भरू द्या.