सतराव्या क्रमांकाचे विजेते

प्रीमियर लीगच्या तक्त्यात सोळाव्या आणि सतराव्या क्रमांकावर असलेले दोन संघ युरोपातल्या मोठ्या चषकाची अंतिम लढत खेळतील, असं कुणी आधी म्हटलं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. २१ मे २०२५ ला स्पेनमधल्या बिल्बाओत तेच घडलं. मँचेस्टर युनायटेड सोळावा, टॉटनहॅम हॉटस्पर, म्हणजेच स्पर्स, सतरावा, आणि समोर युरोपा लीगचा चषक. जिंकणारा थेट चॅम्पियन्स लीगमध्ये जाणार होता. हरणाऱ्याला पुढच्या वर्षी युरोपात कुठेच जागा नव्हती.

त्या संध्याकाळी उत्तर लंडनमध्ये टॉटनहॅम हाय रोडवरच्या पबांत पाय ठेवायला जागा नव्हती. अशाच एका पबात मी भिंतीला चिकटून उभा होतो. मी मूळचा कोल्हापूरचा. भाड्याचं घर स्टेडियमच्या जवळ मिळालं, म्हणून स्पर्सच्या माणसांत ओढला गेलो. सोबत ऑफिसातला एक युनायटेडवाला होता. आतला लाल शर्ट दिसू नये म्हणून त्याने जॅकेटची चेन थेट गळ्यापर्यंत ओढली होती. आमच्या टेबलाभोवती स्पर्सचे दोन जुने भक्त होते. एक म्हातारबुवा, निवृत्त बसचालक, आणि दुसरी पन्नाशीची बाई, पेशाने अकाउंटंट. सामना सुरू व्हायच्या आधीच या दोघांचं जुंपलं होतं, आणि तेही युनायटेडवरून नाही, तर स्वतःच्याच मॅनेजरवरून.

अँज पोस्टेकोग्लू हा माणूसच वाद घालण्याजोगा. ग्रीसमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला, बोलण्यात रोखठोक. जून २०२३ मध्ये तो आला, ऑगस्टमध्ये क्लबने हॅरी केनला बायर्न म्युनिकला विकलं, आणि तरीही लीगच्या पहिल्या दहा सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. दहा सामन्यांत २६ गुण, लीगमध्ये अव्वल. मग नोव्हेंबरात चेल्सीविरुद्ध स्पर्सच्या दोघांना लाल कार्ड मिळालं. नऊ माणसं उरली, तरी या गड्याने बचावाची रांग मैदानाच्या मध्यापर्यंत पुढेच ठेवली. सामना १-४ असा हरला आणि घरच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हातारबुवांच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर पराभव. अकाउंटंट बाईंच्या मते तिथेच सगळं कळायला हवं होतं.

तो मोसम पाचव्या क्रमांकावर संपला. पुढच्या मोसमात सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून हरल्यावर पोस्टेकोग्लूने छातीठोकपणे सांगितलं की, दुसऱ्या वर्षी मी नेहमीच काहीतरी जिंकतो. इंग्लंडातल्या क्रीडापत्रकारांना वर्षभर पुरेल एवढं खाद्य त्याने एका वाक्यात देऊन टाकलं. त्यानंतर दुखापतींची रांग लागली. मुख्य गोलरक्षक गेला, रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन हे बचावातले दोन्ही खांब गेले, आणि आर्ची ग्रे नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, मुळात मध्यफळीतला, बचावाच्या मधोमध उभा राहिला. संघ लीगमध्ये हरत गेला आणि युरोपात मात्र जिंकत गेला.

सामना खरं सांगायचं तर भिकार झाला. ४२ व्या मिनिटाला स्पर्सच्या ब्रेनन जॉन्सनने गोल केला, पण चेंडू त्याच्या पायाला लागला की ल्यूक शॉच्या अंगाला, यावर पबात हाणामारी व्हायची बाकी होती. उत्तरार्धात स्पर्सने नुसता किल्ला लढवला. व्हॅन डे व्हेनने हवेत आडवं होत गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढला, तेव्हा म्हातारबुवांनी माझा दंड असा आवळला की वळ उठला. आक्रमणासाठी बदनाम झालेल्या माणसाने अखेर चषक जिंकला तो बचाव करून. १-०. सतरा वर्षांनी पहिला चषक, आणि युरोपातला तर ४१ वर्षांनी.

मध्यंतरात वाद पैशांवर आला होता. युनायटेडवाल्याचं दुःख वेगळं होतं. त्याच्या क्लबने एरिक टेन हागच्या काळात ६० कोटी पौंडांहून जास्त रक्कम खेळाडूंवर ओतली. त्यातले आठ कोटींच्या वर एकट्या अँटनीवर गेले, कारण तो टेन हागच्या आधीच्या आयाक्स क्लबातला, ओळखीतला खेळाडू. जुलै २०२४ मध्ये त्याच टेन हागचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला घरी पाठवलं. "आमच्याकडे मॅनेजरला हवं ते घेऊन देतात आणि मग ते का घेतलं म्हणून हाकलतात," असं तो म्हणत होता.

बाईंनी त्याला ऐकून घेतलं आणि मग आपला हिशोब मांडला. स्पर्सच्या नव्या स्टेडियमला सुमारे एक अब्ज पौंड लागले, आणि उत्पन्नाच्या तुलनेत खेळाडूंच्या पगारावर सर्वांत कमी खर्च करणाऱ्या क्लबांत स्पर्सचं नाव येतं. २०१८ च्या उन्हाळ्यात या क्लबने एकही खेळाडू विकत घेतला नाही. प्रीमियर लीगमध्ये खरेदीची मुदत ठरवून दिल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि त्याच मोसमात मॅनेजर पोचेटिनोने संघाला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. सहा महिन्यांच्या आत त्याचीही उचलबांगडी झाली. आता स्ट्रायकर सोलँकीवर साडेसहा कोटींपर्यंत घातले, तर लोक म्हणतात अँजने पैसे उधळले. पण सही कुणाची? चेअरमन डॅनियल लेव्ही २००१ पासून खुर्चीत होते. त्या मोसमात त्यांच्याविरुद्ध घोषणा आणि फलकांचा सपाटा चालू होता.

हल्लीचे चाहते असेच झालेत. तेव्हाच्या नियमानुसार तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालायचा, खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून लिहिली जाते, म्हणून चेल्सीने पोरांना आठ-आठ वर्षांचे करार दिले, हे सगळं पबातल्या माणसाला तोंडपाठ असतं. एव्हर्टनचे गुण हिशोबातल्या तोट्यामुळे कापले गेल्यापासून ताळेबंद हा देखील खेळाचाच भाग झाला आहे.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. हाय रोडवर माणसांचा पूर लोटला होता. पोस्टेकोग्लूने माइक हातात घेऊन सांगितलं की, चांगल्या टीव्ही मालिकांचा तिसरा सीझन दुसऱ्यापेक्षा सरस असतो. मीही त्या गर्दीत ओरडलो. रविवारी त्याच संघाने घरच्या मैदानावर ब्रायटनकडून १-४ असा मार खाल्ला. एकूण ३८ गुण, २२ पराभव, सतरावा क्रमांक. खाली फक्त लीगमधून बाहेर पडलेले तिघे.

६ जूनला क्लबने त्याला काढलं. चषक उचलल्यानंतर सोळाव्या दिवशी.

क्लबच्या निवेदनात एक आकडा होता: शेवटच्या ६६ लीग सामन्यांत ७८ गुण. बाईंनी त्याच संध्याकाळी मला त्याची फोड करून दाखवली. दोन मोसमांचे मिळून सामने ७६ आणि गुण १०४. त्यातून पहिले दहा सामने वजा करा, म्हणजे नेमके ते २६ गुण गळतात आणि उरतात ७८. "आमच्या धंद्यात याला सुरुवातीची शिल्लक गायब करणं म्हणतात," त्या म्हणाल्या. त्यांना पोस्टेकोग्लू जायलाच हवा होता, हे विशेष. तरीही तो आकडा त्यांना खपला नाही. माझंही मत तेच झालं. २२ पराभव एवढं सांगितलं असतं, तरी पुरलं असतं. त्यासाठी दहा सामने पुसायची गरज नव्हती.

म्हातारबुवांना गणिताशी देणंघेणं नव्हतं, ते इतिहासात शिरले. १९८४ मध्ये अँडरलेख्टला पेनल्टीवर हरवून स्पर्सने यूएफा कप जिंकला, तेव्हा ते मैदानात होते. मॅनेजर कीथ बर्किन्शॉ त्यानंतर लगेच गेला, संचालकांशी न पटल्याने. २००८ मध्ये हुआन्दे रामोसने लीग कप आणला आणि ऑक्टोबरात त्यालाही नारळ मिळाला. आणि मोरिन्यो? त्याला तर २०२१ च्या लीग कप अंतिम सामन्याच्या सहा दिवस आधीच काढलं. "इथे चषक जिंकणं धोक्याचं, आणि जिंकायच्या जवळ जाणंही," असा त्यांचा निष्कर्ष होता.

रात्री कोल्हापूरला मित्राला फोन केला. हा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा कट्टर माणूस, शाहू स्टेडियमवरचा एकही मोठा सामना न चुकवणारा.

"आरं, पर कप आणला की त्यानं!"

"लीगमध्ये सतरावा होता."

"असूं दे की. कप आणला न्हवं? आमच्या पेठंत हत्तीवरनं मिरवला असता त्येला." मग जरा थांबून म्हणाला, "पर बावीस मॅच हरल्यावर त्येला मिसळ खायाला बी घराभाईर पडू दिलं नसतं, ते येगळं."

मोजपट्टी बदलायची खोड मात्र क्लबच्या मालकांनाच आहे, असं नाही. मे २०२४ मध्ये मँचेस्टर सिटी टॉटनहॅमला आली होती. स्पर्स जिंकले असते, तर चॅम्पियन्स लीगची आशा जिवंत राहिली असती, पण त्याच निकालाने कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलचा विजेतेपदाचा रस्ता मोकळा झाला असता. घरच्या प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना तो सामना हरायलाच हवा होता. सिटीने २-० असा जिंकला, आणि स्टँडमधून आर्सेनलला चिडवणारी गाणी सुरू झाली. पोस्टेकोग्लू भडकला. क्लबचा पायाच कच्चा आहे, असं तो जाहीरपणे म्हणाला. वर्षभर संघ जिंकत नाही म्हणून ओरडणारे तेच लोक त्या दिवशी पराभव साजरा करत होते. त्यांत म्हातारबुवाही होते, आणि याचं त्यांना आजही काही वाटत नाही. "आर्सेनल जिंकू नये हीसुद्धा अपेक्षाच असते," ते म्हणतात.

सप्टेंबरात लेव्हीही पायउतार झाले आणि पबातल्या अर्ध्या वादांना अचानक धनी उरला नाही. पोस्टेकोग्लू त्याच महिन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथे आठ सामन्यांत एकही विजय नाही. १८ ऑक्टोबरला चेल्सीकडून ०-३ अशी हार झाली आणि शिट्टी वाजून अर्धा तासही झाला नसेल, तोवर त्याला काढल्याची बातमी आली. नेमणुकीला चाळीस दिवसही भरले नव्हते.

आम्ही चौघं त्या वेळी त्याच टेबलाशी होतो. युनायटेडवाला म्हणाला, बघा, शेवटी लेव्हीचंच बरोबर निघालं. म्हातारबुवांनी ग्लास खाली ठेवला आणि अर्धा तास तरी थांबणार नाही अशा बेताने बिल्बाओपासून सुरुवात केली. बाईंनी त्यांना हाताने अडवलं.

"तिकडे त्याचे पहिले दहा सामने धरले नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि इकडे पहिले आठच धरले."

युनायटेडवाल्याने आणखी एक फेरी मागवली आणि विषय आपल्या क्लबच्या तेव्हाच्या मॅनेजरवर, अमोरिमवर, नेला.